कॅनडातली शेंग

माणसाला पगार असो नसो, एखादा सिद्धान्त असावा. माझा सिद्धान्त परभणीच्या आठवडी बाजारात तयार झाला. सकाळी बाजाराला जातात ते हौशी, दुपारी जातात ते गरजू, आणि दिवस कलल्यावर, बाया पाट्या आवरायला लागल्या, की जातो तो मी. त्या वेळी सकाळचा माल निम्म्या भावात मिळतो, वर कोथिंबीर मिळते, आणि घरी न्यायचं ओझं वाचलं म्हणून बाई आशीर्वादही देते. हायस्कुलातले बाकीचे मास्तर याला चिकटपणा म्हणत. त्यांची नावं मी इथे देत नाही.

या बाजारात माझ्या गुरुस्थानी होती बायनाबाई माळीण. एकदा तिच्या सुरकुतलेल्या वांग्यांकडे मी जरा संशयाने पाहिलं, तर ती म्हणाली, "मास्तर, असं काय बघायलाव? वाळलंय त्ये. किडलं न्हाई. वाळल्यालं पान्यात टाकलं की फुगतंय. किडल्यालं गंगंत टाकलं तरी किडल्यालंच."

भर बाजारात मला साक्षात्कार झाला. भाव पडला म्हणजे माल पडला असं नव्हे! हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. या सिद्धान्तावर आमच्या घरात तोवर तीन पायांची खुर्ची, एकाच काट्याचं घड्याळ आणि उजव्या बाजूने गळणारी छत्री आली होती. घड्याळाला मिनिटकाटा नव्हता; पण मिनिटं मोजण्यासारखं परभणीत घडत तरी काय होतं? माझी पत्नी सुमंगला या वस्तूंना एकत्रितपणे 'तुमचा सिद्धान्त' म्हणायची. "तुमच्या सिद्धान्तावर जपून बसा, परवासारखे पडाल," असं.

पंचावन्न सालची गोष्ट. आमच्या वाचनालयात एक इंग्रजी साप्ताहिक तीन आठवडे शिळं होऊन यायचं. त्यात मी एक लेख वाचला. कॅनडा देशात म्हणे लहान लहान कंपन्या आहेत. कुणी खाणीची, कुणी कागदाची, कुणी धान्याच्या कोठाराची. लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवल्यामुळे त्यांचे शेअर इतके उतरले आहेत, की सगळी कंपनी मोडून नुसतं लोखंड भंगारात घातलं तरी जास्त पैसे यावेत. जो धीराने घेईल आणि धीराने थांबेल, त्याचं कल्याण होईल.

म्हणजे बायनाबाईची वांगीच की! फक्त पाटी कॅनडात होती. आणि मी तर भूगोलाचा मास्तर. फळ्यावर डोळे मिटून कॅनडा काढणारा मराठवाड्यात दुसरा कोणी असेल तर त्याने पुढे यावं.

अडचण भांडवलाची होती. घरात भांडवल होतं, पण ते सुमंगलेचं. गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या-परकर ती हाताने शिवून द्यायची, आणि त्यातून चार वर्षं साठवलेले पैसे हरभऱ्याच्या डाळीच्या जुन्या डब्यात होते. त्या पैशांचं शिवणयंत्र यायचं होतं. यंत्राची जागासुद्धा ठरलेली होती, खिडकीखाली, उजेडाला. तिथे ती मला चपलासुद्धा ठेवू देत नसे. रिकामी जागा रोज झाडून घ्यायची आणि पुन्हा रिकामी ठेवायची.

"एकच वर्ष," मी म्हणालो. "वर्षाने एका यंत्राच्या जागी दोन येतील."

"दोन काय करायच्यात? मला पाय दोनच."

मी तिला वांग्यांपासून विनिपेगपर्यंत सगळं समजावून सांगितलं. तिने बराच वेळ सुईत दोरा ओवला. मग डबा काढून माझ्या हातात दिला, पण झाकण स्वतःजवळ ठेवलं. "डबा भरून आणा. मग लावू झाकण," म्हणाली. ते झाकण त्या दिवसापासून फडताळातून माझ्याकडे बघत होतं.

मी पडलो सरकारी नोकर. शेअर घ्यायचा तर वरची परवानगी हवी, असं हेडमास्तरांनी सांगितलं. म्हणून 'शेर खरेदी करण्याची परवानगी मिळणेबाबत' असा अर्ज केला. (त्या काळी मी शेअरला शेरच लिहीत असे.) महिन्याने शेरा आला: 'शेर हे वजन असल्याने अर्ज वजनमापे खात्याकडे करावा.' मी 'शेर म्हणजे हिस्सा' असा खुलासा पाठवला. त्यावर 'हिस्सा वडिलोपार्जित असल्यास वारसदाखला जोडावा' असं उत्तर आलं. तिसऱ्या खेपेला कुणीतरी नुसतीच सही करून अर्ज परत पाठवला. ती परवानगीची होती की वैतागाची, हे अजून कळलेलं नाही. मी परवानगीची धरली.

आता हैदराबादच्या दलालाला पत्र लिहायचं होतं. बन्सीधर नावाच्या या दलालाचा पत्ता मला आमचे शेजारी गोविंदराव यांनी दिला. गोविंदराव म्हणजे निजामी अमलातले पेशकार. तीस साल त्यांनी कचेरीत उर्दू लिहिलं. मोडलेल्या, लपेटदार शिकस्ता अक्षरात ते असं लिहीत, की वाचणारा आधी दाद देई आणि मग कुणाला तरी विचारी, की यात लिहिलंय काय.

"मराठीत लिहिता?" गोविंदराव म्हणाले. "मराठी खत तिथं कोण वाचतंय? चिवडा बांधतील त्यात."

"मग इंग्रजीत लिहितो."

"इंग्रजी पाहिलं की दलाल भाव चढवून सांगतंय. पंत, उर्दूच पाहिजे. आमी लिहितो. तुमी फक्त मजमून सांगा."

मी सांगितलं: कॅनडातली एखादी लहान, चांगली, पण लोकांनी टाकून दिलेली कंपनी पाहून तिचे एवढ्या रकमेचे हिस्से घ्यावेत. गोविंदरावांनी बोरू छिलला, दौत हलवली आणि एका दमात कागद भरला. मला छापील उर्दू वाचता येतं, शिकस्ता येत नाही. तरी अक्षरांवर टिंबं, म्हणजे नुक्ते, कमी दिसले म्हणून मी भीतभीत विचारलं.

"नुक्ते?" गोविंदरावांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "नुक्ते पोरासोरांनी द्यावेत. बड्या लोकांना नुक्त्याबगैर वाचता येतंय."

पत्र गेलं, मागोमाग मनिऑर्डर गेली, आणि मी कॅनडाचा मालक झालो. गल्लीत ही बातमी पसरायला मी फारसा अडथळा केला नाही. लोक मला 'कॅनडावाले मास्तर' म्हणू लागले. सातवीच्या वर्गात मी तीन महिने कॅनडाच शिकवला. त्याच सुमारास तपासणीला साहेब आले आणि त्यांनी मुलांना विचारलं, आपल्या जिल्ह्यातली पूर्णा नदी कुठे उगम पावते? सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं, "हडसनच्या उपसागरात!" साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ते मी वाचलं आहे. इथे सांगण्याजोगं नाही.

पौषात हैदराबादहून जाड लिफाफा आला. आत हिश्शांची छापील सनद, तीही उर्दूत. कॅनडात उर्दूचा एवढा प्रसार झालेला पाहून मला पहिल्यांदा आनंदच झाला. मग मी वाचलं. 'हिरेहल्ला ऑईल अँड जनरल मिल्स लिमिटेड, जिल्हा रायचूर.' पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. रायचूर जागचं हललं नाही. सोबत बन्सीधरची चिठ्ठी होती, तिचा अर्थ असा, की 'हुकुमाप्रमाणे कानडा मुलखातली लहान, पडलेली कंपनी पाहून हिस्से घेतले आहेत. असं गिऱ्हाईक वीस वर्षांत पाहिलं नाही.'

नुक्ते गाळले, की कॅनडाचा कानडा व्हायला किती वेळ लागतो? मी पृथ्वी पालथी घालायला निघालो होतो आणि पोचलो तो आपल्याच राज्यातल्या कानडी जिल्ह्यात, तेही बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीत!

एवढ्यात सुमंगला पदराला हात पुसत आली. "आला का कॅनडा? बघू." तिला उर्दू येत नाही, पण सनदेच्या माथ्यावर एक चित्र होतं. ती ते निरखून बघू लागली. "हे काय हो?"

"ते... तिकडचं एक फळ आहे."

"भुईमुगाच्या शेंगेसारखं दिसायलंय."

"भूगोलात असे योगायोग असतात," मी म्हणालो आणि सनद गुंडाळली.

संतापाने माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. तसाच गोविंदरावांकडे गेलो. काय काय बोलायचं ते उंबऱ्यापर्यंत पाठ करून ठेवलं होतं. आत गोविंदराव एकटेच बसले होते. समोर दौत, शेजारी छिललेले पाच-सहा बोरू, आणि कागद कोरा. मला पाहताच ते उठून उभे राहिले.

"पंत! पोचलं का आमचं खत? दलाल हरफाबद्दल, अक्षराबद्दल काय म्हणाला? काहीतरी म्हणाला असेल की." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू का? कचेरीतून उर्दू गेल्यापासून आमाला कुणी एक ओळ लिहायला सांगितली न्हाई. तीन साल झाले. तुमीच पहिले."

पाठ केलेलं सगळं भाषण मी गिळलं. त्याचा घास बराच मोठा होता. "म्हणाला, असं पत्र वीस वर्षांत पाहिलं नाही," मी सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. गोविंदरावांनी मला बळेच चहा पाजला, आणि मी घरी आलो तो कॅनडाचं गुपित पोटात घेऊनच.

ते वर्ष कसं गेलं ते माझं मला माहीत. वर्गात मी कॅनडा एकाएकी बंद करून भुईमुगाचं पीक सुरू केलं. रस्त्यात कुणी "मास्तर, कॅनडात काय भाव चाललाय?" विचारलं, की "बर्फ आहे सध्या" म्हणून सटकायचं. घरी मात्र सटकायला जागा नव्हती. खिडकीखालची रिकामी जागा सुमंगला रोज झाडायची आणि संध्याकाळी उजेड असेतो तिच्या कडेला बसून हाताने शिवायची. तिची बोटं सुईने खरवडलेली दिसली, की मला जेवण गोड लागत नसे. ती एका शब्दाने काही विचारत नव्हती. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

छपन्नच्या श्रावणात रायचूरहून एक पत्र आलं. लिफाफा उघडला. पत्र शिकस्ता उर्दूत, नुक्ता औषधालासुद्धा नाही. उलटं धरलं, सुलटं धरलं. गिरणी बुडाली म्हणून कळवलं असेल, की आणखी पैसे मागितले असतील? दोन दिवस ते पत्र खिशात घालून मी शाळेत गेलो. परभणीत हे अक्षर वाचू शकणारा माणूस एकच होता. तिसऱ्या दिवशी सुमंगलाच म्हणाली, "काकांना बोलवा. मीबी ऐकते."

गोविंदराव चष्मा लावून बसले. "वाहवा," ते म्हणाले. "याला म्हणतात हात." आणि वाचून सांगू लागले.

पत्र गिरणीच्या मालकाचं होतं. नाव शरणप्पा. लिहिलं होतं की: 'गिरणी दोन साल बंद होती. एक साल पाऊस नव्हता, दुसऱ्या साली आम्हा भावाभावांत तंटा. आमच्याच गावच्या लोकांनी हिस्से जळणाच्या भावात फुंकले. अशा वक्ताला बन्सीधरने सांगितलं, की परभणीचे एक मास्तर स्वतः होऊन लिहितात, कानडा मुलखातली चांगली पण लोकांनी टाकलेली कंपनी पाहून द्या. मला इतबार बसेना. मी ते खत मागवून घेतलं...'

इथे गोविंदराव थांबले. मागे गेले, पुन्हा वाचलं. "कानडा मुलूख? पंत, आमी तर कॅनडा लिहिला होता."

गोविंदरावांनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचा तो बिननुक्त्याचा कागद उभा राहिला असावा, कारण चेहरा एकदम म्हातारा झाला.

"शाई फिकी असेल," मी म्हणालो.

"शाई आमी घोटली होती," ते म्हणाले. "तुमाला कधी कळलं?"

"पौषात."

"आणि तुमी आमच्याकडं चहा पिऊन गेलात."

मी सुमंगलेकडे बघण्याचा धीर करत होतो. ती शांतपणे म्हणाली, "मला तर शेंग पहिल्याच दिवशी कळली होती. कॅनडात भुईमूग होतो का, ते तुमच्याच पुस्तकात बघितलं मी. न्हाई होत. पण तुमी तोंड एवढंसं करून बसला होतात. म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील. काका, पुढं वाचा."

गोविंदरावांनी घसा खाकरून पुढे वाचलं: 'असा हरफ माझ्या वडिलांच्या पश्चात मी पाहिला नव्हता. तो कागद मी देवघरात ठेवला आहे. आता भावांचा तंटा मिटला. बॉयलर शाबूत, घाणे शाबूत. यंदा शेंग भरली आहे, दसऱ्याला गिरणी सुरू करतो. एक नोव्हेंबरपासून आमचा जिल्हा म्हैसुरात जाईल, तुमचा मुंबईत. आपला पैसा परमुलखात अडकला असं वाटत असेल, तर लिहा. पदरची पै न पै पाठवतो. थांबणार असाल, तर यंदा नगद जमणार नाही, हिश्शाचं तेल पाठवीन.'

पै न पै! म्हणजे दिवाळीआधी यंत्र. माझ्या मनावरचा धोंडा उतरला. मी म्हणालो, "काका, लिहा, लगेच पाठवा म्हणून."

"थांबा," सुमंगला म्हणाली. खिडकीखालच्या जागेकडे तिने पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "काका, बॉयलर शाबूत म्हणायलेत ना? आणि भांडण मिटलंय?"

"तसंच लिहिलंय, सूनबाई."

"मग वाळलंय ते. किडलं न्हाई." ती उठली. "राहू द्या त्यांच्याकडंच. एवढी सुई चालली, आणखी चालंल."

बारा वर्षं मी सिद्धान्त सांगत होतो, आणि तो पेलायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा मीच पळालो. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. दोन्ही एकदम वाटल्यामुळे मी उगीच घड्याळाला किल्ली दिली.

उत्तर गोविंदरावांनीच लिहिलं. आठ ओळींच्या त्या पत्राला त्यांना दोन दिवस लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकूण एक नुक्ता दिला, आणि मला बोलावून मोजून घ्यायला लावला.

दसरा झाला. दिवाळी आली. गल्लीभर कढया चढल्या. आमची चढली नाही. "तेल येणार म्हणाले, तर येणार," असं म्हणून सुमंगलेने चकलीची भाजणी डब्यात दाबून ठेवली. शेजारणी कीव करून फराळाची ताटं पाठवू लागल्या. आणि नरकचतुर्दशीला, म्हणजे नेमक्या एक नोव्हेंबरला, स्टेशनवर तेलाचे सहा डबे उतरले.

गोविंदराव आणि मी टांगा घेऊन गेलो. परतताना जकात नाक्यावरच्या कारकुनाने अडवलं. "पावतीवर हैदराबाद राज्य लिवलंय. त्ये राज्य आज सकाळी संपलं. नसलेल्या राज्यातून माल कसा काय आला?" मी भूगोलाचा मास्तर आहे हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग तुमीच सांगा, परदेशी लिवू का देशी?" त्यावर मी बोलणार तोच एक डबा त्याच्या रजिस्टरावर गळायला लागला. त्याने दोन्ही हातांनी आम्हाला जायची खूण केली.

डब्यांबरोबर चिठ्ठी होती. गोविंदरावांनी टांग्यातच वाचली आणि घडी करून खिशात घातली. मी काळजीने विचारलं, तर म्हणाले, "लिहितोय की, आपलं खत मिळालं, पण अक्षर शाळकरी पोराचं दिसतं. पहिलं खत लिहिणाऱ्या साहेबांची तबियत ठीक आहे ना?" आणि ते इतके हसले, इतके हसले, की शेवटी धोतराच्या सोग्याने डोळे पुसावे लागले.

त्या संध्याकाळी आमच्या घरी कढई चढली. चार डबे गल्लीने 'कॅनडाचं तेल' म्हणून दिवाळीच्या भावाने नेले, एक गोविंदरावांकडे गेला. बायनाबाईला मी चकल्या नेऊन दिल्या. ती म्हणाली, "मास्तर, क्यानडाचं त्येल लय ग्वाड हाय." मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. गुरूला सगळंच सांगायचं नसतं.

पुढच्या साली तेल आलं आणि त्याच्या पुढच्या साली नगद. अठ्ठावन्नच्या मार्गशीर्षात खिडकीखाली यंत्र आलं. नवं कोरं, पूर्ण भावाचं. याबाबतीत सुमंगलेने माझा सिद्धान्त ऐकून घेतला नाही. डब्याला झाकण लावलं, आणि पहिल्या दिवशी तिने पहिली वस्तू शिवली ती सनद ठेवायला एक पिशवी. वर लाल दोऱ्याने नावही काढलं. गोविंदराव आणि मी बघायला जवळ गेलो.

पिशवीवर लिहिलं होतं: 'कनडा'.

"अगं, क वरचा चंद्र राहिला की," मी म्हणालो.

सुमंगलेने यंत्रावरचे पाय थांबवून गोविंदरावांकडे पाहिलं.

"राहू द्या, सूनबाई," गोविंदराव म्हणाले. "चंद्र पोरासोरांनी द्यावेत."

तिने दोरा तोडला आणि पिशवी माझ्या हातात दिली.